लोणारचे तळे : बारा हजार वर्षांच्या पावसाची पोथी

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे प्राचीन काळातील हवामानबदल आणि तळ्यांच्या पाण्याची पातळी. विषय ऐकताच राजस्थानचे वाळवंट, मध्य आशिया, आफ्रिकेतील सहारा अशी नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु या विषयाचा एक अत्यंत मोलाचा पुरावा आपल्या जिल्ह्यात, मेहकरपासून हाकेच्या अंतरावर, काळ्या पाषाणाच्या एका वाडग्यात जपून ठेवलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी असते? लोणारला आपण दर्शनाला जातो, सहलीला जातो, पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो. उल्केचे विवर पाहिले, दैत्यसूदनाचे शिल्पवैभव पाहिले, धारेखाली स्नान केले की यात्रा सफल झाली असे मानून परततो. त्या हिरवट खाऱ्या पाण्याच्या तळाशी या भूमीच्या पावसाचा बारा हजार वर्षांचा जमाखर्च लिहिलेला आहे. आज त्या पोथीची काही पाने उलगडून पाहावयाची आहेत.

विवर आणि त्याची कथा

प्रथम स्थळाचा परिचय. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून तळापर्यंत जवळपास दीडशे मीटर खोल आहे. लाव्हारसाच्या कठीण काळ्या खडकात, ज्याला भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात, उल्कापाताने निर्माण झालेले इतके सुस्थितीतील विवर पृथ्वीच्या पाठीवर दुसरे दाखविणे अवघड आहे. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर अशाच खडकात असंख्य विवरे आहेत. म्हणूनच जगभरच्या अभ्यासकांना लोणारचे आकर्षण वाटते.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यालाच कित्येक पुस्तकांतून ‘शोध’ म्हटले जाते. शोध कसला? त्याच्या कितीतरी शतके आधीपासून येथे मंदिरे उभी होती, यात्रा भरत होत्या, पितरांसाठी श्राद्धकर्मे होत होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकरच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, चहूबाजूंनी उंच टेकड्या असलेले खाऱ्या पाण्याचे तळे येथे आहे, आणि काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, असे त्यात नोंदविलेले आहे. म्हणजे ज्ञान होते, उपयोग होता आणि श्रद्धाही होती. नव्हती ती इंग्रजी दप्तरातील नोंद.

लवणासुराची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूमीखालच्या विवरात दडलेल्या लवणासुराचा भगवान विष्णूंनी दैत्यसूदनाच्या रूपाने वध केला, विवरावरचे झाकण दूर फेकले गेले, त्याची टेकडी झाली आणि असुराच्या रक्तामांसाने पाणी खारे झाले. येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ‘पुराणकारांना उल्कापात ठाऊक होता, ही त्याचीच सांकेतिक नोंद’ असे आपल्यातील काही उत्साही मंडळी ठोकून देतात. कथेत आकाशातून काही पडल्याचा उल्लेखच नाही. जे कथेत नाही ते तिच्या तोंडी घालणे हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. कथेत जे आहे तेच पुरेसे थोर आहे. हा खड्डा सामान्य नाही, याचे पाणी इतर पाण्यासारखे नाही आणि या जागेकडे पूज्यभावाने पाहिले पाहिजे, ही जाण तिने निरक्षर गुराख्यापासून विद्वान शास्त्र्यापर्यंत सर्वांच्या मनात शतकानुशतके जागी ठेवली. एखाद्या स्थळाचे रक्षण करावयाचे तर कायद्याच्या कलमाइतकेच हेही बळ लागते.

विवर कसे झाले, याविषयी विद्वानही दीर्घकाळ चाचपडत होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेचे ख्यातनाम भूशास्त्रज्ञ. १८९६ साली त्यांनी ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारचे उदाहरण घेतले आणि दोन्ही विवरे ज्वालामुखीच्या वाफेच्या स्फोटाने झाली असावीत असा कौल दिला. तो पुढे चुकीचा ठरला. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांच्या चमूने तळ्यात भोके पाडून, सुमारे शंभर मीटर गाळाच्या खालून खडकाचे नमुने वर काढले. प्रचंड आघातानेच बनू शकते अशी काच त्यांत आढळली आणि उल्कापातावर शिक्कामोर्तब झाले. विवराचे वय मात्र अजून वादाचा विषय आहे. पूर्वी ते सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या घरात नेले.

हे गिल्बर्ट आपल्या विषयाला आणखी एका अर्थाने जवळचे आहेत. अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात, डोंगरांच्या अंगावर शेकडो फूट उंचीपर्यंत पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात. ते एका लुप्त महासरोवराचे जुने काठ आहेत, हे गिल्बर्ट यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात सविस्तर सिद्ध केले. बॉनव्हिल असे नाव दिलेल्या त्या सरोवराचा उरलेला खारट थेंब म्हणजे आजचे ग्रेट सॉल्ट लेक. ज्या प्रदेशात आज मिठाचे पांढरे मैदान आहे, तेथे एके काळी हजारो चौरस किलोमीटर गोडे पाणी होते. तळ्याचा काठ वाचून गेलेल्या युगाचे हवामान सांगता येते, हे शास्त्र त्या मरुभूमीत घडत गेले.

निसर्गाचा पर्जन्यमापक

तळ्याला हवामान कसे कळते? उत्तर सोपे आहे. ज्या तळ्यातून नदी बाहेर पडते, त्याची पातळी फारशी चढत-उतरत नाही. जास्तीचे पाणी वाहून जाते. परंतु ज्या तळ्याला बाहेर जाण्याची वाटच नाही, त्यात पाणी येते ते पावसाने आणि झऱ्यांनी, आणि जाते ते उन्हाने वाफ होऊनच. अशा तळ्याची पातळी म्हणजे आवक आणि जावक यांची वजाबाकी. पाऊस वाढला तर पाणी चढते आणि गोडसर होते. पाऊस हटला तर पाणी उतरते, क्षार मागे राहतात आणि पाणी अधिकाधिक खारे होते. मरुप्रदेशातील बंदिस्त खोऱ्यांत अशी तळी असतात. लोणार हा वाळवंटी प्रदेश नव्हे, येथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण उल्केने खणलेल्या या खोऱ्यालाही बाहेरची वाट नाही. म्हणून मरुभूमीतील तळ्यांचा नियम मध्य भारताच्या ऐन मोसमी पट्ट्यात लागू पडतो. लोणारचे हे वैशिष्ट्य दुर्मीळ आहे.

या खाऱ्या पाण्यातून दल्ला, पापडी, भुसकी अशा नावांचे क्षार पूर्वी काढले जात. साबण, काच, बांगड्या, कापडाची रंगाई अशा उद्योगांना ते लागत. ज्या उन्हाळ्यात पाणी फार आटे, त्या उन्हाळ्यात काठावर क्षारांचा थर जाड बसे. क्षार गोळा करणाऱ्या मजुराला हा नियम हाताने ठाऊक होता. शास्त्रज्ञांनी तोच नियम गाळाला लावला.

गाळाची पोथी

२००८ साली जर्मन संशोधन संस्था आणि आपली भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पात लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचे गाळाचे नमुने नळ्यांतून काढण्यात आले. दरवर्षी ओढ्यांबरोबर येणारी माती, काठच्या झाडांची पाने, वाऱ्याने आलेले परागकण, पाण्यात निवळलेले क्षार हे सर्व थरावर थर बसत जाते. वरचा थर कालचा, खालचा थर प्राचीन. या दहा मीटरांत सुमारे ११ ते १२ हजार वर्षांचा काळ सामावलेला निघाला.

हे थर वाचावयाचे कसे? कार्बनच्या किरणोत्सारी रूपावरून पानाकाडीचे वय निघते. परागकणांवरून कोणती झाडे होती ते कळते. प्रत्येक वनस्पतीच्या पानावर मेणाचा पातळ लेप असतो. तो हजारो वर्षे टिकतो आणि त्यातील कार्बनच्या प्रकारावरून ती वनस्पती दाट वनातील वृक्ष होती की माळावरचे गवत, याचा अंदाज येतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडून जातो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो. म्हणून गाळातील त्यांच्या प्रमाणावरून बाष्पीभवन किती होते ते समजते. आणि सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे गेल्युसाइट नावाचे स्फटिक. सोडियम आणि कॅल्शियम यांचा हा क्षार पाणी अतिशय आटून कडक खारे झाले तरच निवळतो. ज्या थरांत हे स्फटिक सापडतात, त्या काळात लोणारचे तळे तहानलेले होते असे समजावे.

पोथीची पहिली पाने सुजलाम् सुफलाम् अशी आहेत. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीपासून पुढची काही हजार वर्षे येथे मोसमी पाऊस आजच्याहून बराच जोरकस होता. पृथ्वीच्या कक्षेच्या मंद बदलांमुळे तेव्हा उत्तर गोलार्धातील उन्हाळा अधिक प्रखर होता. भूमी जितकी तापते तितके समुद्रावरचे वारे जोमाने आत येतात, म्हणून पाऊसही मोठा. याच सुमारास आफ्रिकेतील सहारा हिरवा होता आणि आजचे चाड सरोवर एखाद्या समुद्रासारखे पसरलेले होते. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून हा जोर ओसरू लागला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या परागकणांच्या अभ्यासाने दाखविले की पाऊस क्षीण होत गेला तसतशी वने विरळ झाली, गवताळ माळ पसरले आणि द्वीपकल्पातील शेती व पशुपालन याच मोकळ्या होत गेलेल्या भूमीवर वाढले.

दोन दीर्घ अवर्षणे

२०१४ साली सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळाचा जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात दोन दीर्घ कोरडे कालखंड ठळकपणे दिसतात. पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्यांची सांगड या अभ्यासकांनी हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्याच्या पट्ट्यातील बदलांशी घातली. अल निनो आला की आपल्या पोटात गोळा येतो, त्याच्याच जातकुळीतील हा प्रकार, पण शतकांच्या मापाचा.

ही संख्या कानावरून जाऊ देऊ नये. आपल्या स्मृतीतील मोठा दुष्काळ १९७२ चा. घरोघरी त्याच्या आठवणी सांगितल्या जातात. तो एक-दोन वर्षांचा होता. लोणारच्या गाळातील पहिला कोरडा कालखंड सातशे वर्षांचा आहे. याचा अर्थ सातशे वर्षे पाऊसच पडला नाही असा नव्हे. चांगली वर्षे अधूनमधून आली असणार; परंतु सरासरी खालावलेली राहिली आणि कित्येक पिढ्या त्या तुटवड्यातच जन्मल्या व गेल्या.

पहिल्या कालखंडाच्या सुमारास जगभर काय घडत होते, हेही पाहण्यासारखे आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या अनेक भागांत कोरडेपणा वाढल्याच्या खुणा सापडतात. २०१८ साली आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेने त्या बिंदूपासून सुरू होणाऱ्या युगाला ‘मेघालयन’ हे नाव दिले, कारण त्याचा प्रमाण पुरावा मेघालयातील मावम्लूह गुहेतील चुनखडीच्या स्तंभात आहे. जगाच्या कालगणनेत एका युगाला भारतीय राज्याचे नाव मिळाले, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी.

राजस्थानची तळी आणि सरस्वती

या ठिकाणी सिंधू-सरस्वती संस्कृतीचा प्रश्न येतो आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या राजस्थानातील खाऱ्या तळ्यांच्या गाळातील परागकण अभ्यासले आणि थरचे वाळवंट नेहमीच आजच्याइतके रुक्ष नव्हते, हे पुराव्यानिशी मांडले. आर्यांची टोळी बाहेरून आली आणि तिने हडप्पाची नगरे उद्ध्वस्त केली, ही वसाहतकाळातील मांडणी शालेय पुस्तकांतून घोकविली जात होती त्या काळात ‘नगरांच्या ऱ्हासामागे हवामान असू शकेल’ हा विचार भारतीय तळ्यांनी पुढे आणला. आज ती आक्रमणाची कथा त्या रूपात गंभीर अभ्यासक मांडत नाहीत. स्थलांतरे झाली की नाही आणि कशी झाली, हा स्वतंत्र आणि अजून चालू असलेला अभ्यास आहे.

याच संदर्भात पद्मश्री हरिभाऊ वाकणकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणाऱ्या या तपस्व्याने १९८५ साली लुप्त सरस्वतीच्या शोधार्थ हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम समुद्राकडे शोधयात्रा काढली. पुस्तकात बसून वाद घालण्यापेक्षा वाळूत पाय भाजून घेणे त्यांना अधिक प्रिय होते. त्यांचा वारसा चालवावयाचा तर पुराव्याला सामोरे जाण्याचे त्यांचे धैर्यही घ्यावे लागेल.

पुरावा आज सरळ एका ओळीत उभा राहत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लुणकरणसरचे तळे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटल्याचे दिसले. म्हणजे हडप्पाची नगरे भरभराटीस येण्याच्या बरेच आधी. उलट २०१४ साली हरयाणातील कोटला दाहर या जुन्या तळ्याच्या अभ्यासाने सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी खालावल्याचे दाखविले, जे नगरांच्या ऱ्हासाशी जुळते. घग्गरच्या पात्राविषयीही मतभेद आहे. २०१७ च्या एका अभ्यासाने सतलजने ते पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच सोडल्याचे म्हटले, तर २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासाने नदी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही असल्याचे मांडले. आपल्याला रुचणारा निष्कर्ष तेवढा उचलून फलकावर लिहिणे सोपे आहे. पण उद्या नवा नमुना निघाला आणि फलक पुसावा लागला, तर विश्वास आपल्यावरचाच उडेल. सत्यमेव जयते हे ज्या राष्ट्राचे ब्रीद, त्याच्या कार्यकर्त्याने थोडे थांबून बोलावे.

माणसांनी काय केले?

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पहिल्या दीर्घ अवर्षणाच्या उत्तरार्धातच दायमाबादसारख्या ठिकाणी आपल्या प्रांतातील आद्य शेतकऱ्यांची वसती दिसू लागते. पुढे जोर्वे संस्कृती बहरली. तिचे उत्तम दर्शन पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावला होते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि म. के. ढवळीकरांनी त्यातून एक संपूर्ण गाव उभे केले. त्या गावाने पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खणला होता, बांध घातला होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मातीतील ही पाणीयोजना!

परंतु इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गव्हाची शेती मागे पडते, शिकार आणि पशुपालन वाढते. पाऊस कमी झाल्याने शेतकरी पुन्हा भटके होऊ लागले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. येथेही जागरूक राहावे. लोणारच्या गाळातील दोन मोठी अवर्षणे या तारखेवर पडत नाहीत. इनामगावची आपत्ती कदाचित स्थानिक असेल, कदाचित ती शतकांच्या मापात न दिसणारी असेल. दोन पुरावे जुळत नाहीत तेव्हाच पुढच्या अभ्यासाची खरी गरज निर्माण होते आणि हे काम बुलढाण्याच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने का हाती घेऊ नये?

दुसरा कोरडा कालखंड तर अधिक विचारप्रवृत्त करणारा आहे. दोन हजार ते सहाशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे साधारणतः इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकापर्यंतचा. आठवून पाहा, या काळात या भूमीवर काय नव्हते? सातवाहन होते, शेजारच्या वत्सगुल्म म्हणजे वाशीमला वाकाटक होते, राष्ट्रकूट, चालुक्य, यादव होते. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी याच काळातली, वेरूळचे कैलास याच काळातले, आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिरही याच काळातले. ज्ञानदेवांचे कार्य याच काळाच्या अखेरीचे. मोसमी पाऊस सरासरीने क्षीण असताना आपल्या पूर्वजांनी संस्कृतीची शिखरे उभारली!

हे कसे साधले? संपूर्ण उत्तर देण्याचा आव आणू नये. पण एक धागा डोळ्यांपुढे आहे. याच शतकांत मंदिराशेजारी कुंड, गावाशेजारी तळे, वाटेवर बारव ही रीत महाराष्ट्रभर पसरलेली दिसते. लोणारला धारेचे कुंड आहे, लिंबी बारव आहे. विवराच्या खाऱ्या तळ्याभोवतीचे गोड्या पाण्याचे झरे बांधून, त्यांना तीर्थाचे पावित्र्य देऊन राखले गेले. तलाव खणणे, विहीर बांधणे याला आपल्या धर्मशास्त्राने पूर्तकर्म म्हटले आणि ते पुण्याचे मानले. ज्याच्याजवळ धन आहे त्याने पाण्यासाठी ते खर्च करावे, ही अपेक्षा समाजाने धर्म म्हणून घातली. ही परंपरा पुढेही चालू राहिली. जिजाऊ माँसाहेबांच्या जन्मगावी, सिंदखेडराजाला, मोती तलाव आणि पुतळा बारव आजही पाहता येतात. जिजाऊंचे दर्शन घ्यावयास जाणाऱ्या प्रत्येकाने तलावाच्या बांधावरही क्षणभर उभे राहावे. स्वराज्याची माता ज्या घरात वाढली, त्या घराला पाण्याचे मोल कळत होते.

हवामान ही नियती नव्हे, हा या दुसऱ्या पानाचा धडा. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नव्हते. पडलेला पाऊस कसा राखावा हे होते.

आजचे पान

या पोथीचे आजचे पान आपण लिहीत आहोत. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की पाणी कमी होऊन क्षारता वाढल्याने खाऱ्या पाण्यातच वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बहरले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ. पुढच्या काही वर्षांत मात्र पाणी उलट चढत गेले आणि काठावरच्या मंदिरांची चिंता निर्माण झाली.

पाणी उतरले तरी चिंता, चढले तरी चिंता, असे का? कारण आता या पर्जन्यमापकात केवळ आकाशाचा हात राहिलेला नाही. गावाचे सांडपाणी विवरात उतरले तर गोडे आणि घाण पाणी मिसळून तळ्याचा खारेपणा, त्यावर जगणारी अनोखी जीवसृष्टी, सारे बिघडते. भोवतालच्या विंधनविहिरींनी भूजल उपसले तर झरे क्षीण होतात. उतारावर विलायती बाभूळ माजली तर देशी झाडे हटतात. बारा हजार वर्षे प्रामाणिकपणे लिहिली गेलेली पोथी आपल्या काळात खाडाखोडीने भरावी, हे लज्जास्पद आहे.

जगात याहून भयंकर उदाहरण आहे. मध्य आशियातील अरल समुद्र १९६० पर्यंत जगातील सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक होता. सोव्हिएत राजवटीने त्याच्या दोन नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविले आणि काही दशकांत समुद्राचे वाळवंट झाले. मासेमारीच्या नावा वाळूत रुतून बसल्या. पाऊस हटला म्हणून नव्हे, हिशेब चुकला म्हणून ते सरोवर मेले. कापूस पिकविणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही.

‘हवामान तर नेहमीच बदलत आले, मग आज एवढी ओरड कशाला?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. लोणारचा गाळ त्याचे उत्तर देतो. होय, हवामान बदलत आले आणि तो बदल भयंकर होता. आजच्या कारखान्यांचा धूर नसतानाही मोसमी पाऊस सातशे वर्षे खालावू शकतो, तर त्या नाजूक यंत्रणेला आपण स्वतः तापवीत आहोत ही गोष्ट निर्धास्त करणारी कशी? आणि इनामगावचा शेतकरी गुरे घेऊन दुसऱ्या माळावर जाऊ शकत होता. आज कोण कोठे जाणार? दुसरा माळ रिकामा नाही.

कर्तव्य

मग करावयाचे काय? मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. आपल्या प्रत्येक गावात एखादी बुजलेली बारव, गाळाने भरलेले तळे, अतिक्रमणात अडकलेला ओढा आहे. त्याची नोंद करावी, ग्रामसभेत विषय मांडावा, श्रमदानाने गाळ काढावा. तो गाळ शेतात टाकण्याआधी जवळच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकांना दाखवावा. कोण जाणे, त्यातही एखादे पान निघेल. लोणारला जाताना प्लॅस्टिक नेऊ नये, निर्माल्य पाण्यात सोडू नये. विवराच्या काठावर उभे राहून मुलांना दैत्यसूदनाची कथा सांगावी आणि त्याच श्वासात गेल्युसाइटच्या स्फटिकाचीही गोष्ट सांगावी. श्रद्धा आणि शास्त्र यांच्यात भांडण लावण्याचा उद्योग इतरांनी करावा. लोणारच्या काठावर ती दोन्ही एकाच पाण्यात पाय सोडून बसलेली आहेत.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची जागा, नदी पार करण्याची वाट, असा आहे. लोणार हे त्या अर्थाने तीर्थ आहे. तेथून गेलेल्या बारा हजार वर्षांत उतरता येते आणि पुढच्या पिढ्यांकडे जाण्याची वाटही दिसते. आपल्या नंतर काही शतकांनी कोणी अभ्यासक या तळ्यात नळी घालून गाळ वर काढील, तेव्हा एकविसाव्या शतकाच्या थरात त्याला सांडपाणी आणि प्लॅस्टिक सापडावे, की पुन्हा स्वच्छ झालेल्या झऱ्यांची माती सापडावी, हे ठरविण्याचा अधिकार आज आपल्याकडे आहे. तो अधिकार आपण कर्तव्य म्हणून स्वीकारावा, एवढेच या निमित्ताने सांगणे.